किल्लेदार पुण्याचा, पाहुणा नांदुऱ्याचा

छापखान्यात संध्याकाळी केर काढला की कागदाच्या कातरणांचा हा ढीग निघतो. तो उचलून बंबाखाली घालता येतो. किश्श्यांचं तसं नाही. ते कोपऱ्यात साचतच राहतात आणि दोन माणसं चहाला बसली की आपोआप वर येतात. आमच्या नांदुऱ्यात भाऊसाहेबांच्या छापखान्यात ते इतके साचलेत की कुठून तरी सुरुवात करणं भाग आहे. म्हणून 'किल्लेदार'पासून करतो.

आधी माणसं सांगतो. भाऊसाहेब हे छापखान्याचे मालक. स्टेशनच्या रस्त्याला दोन खोल्या, पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि शिशाच्या अक्षरांच्या पेट्या, एवढा पसारा. लग्नपत्रिका, जिनिंगच्या पावत्या, तमाशाची हँडबिलं, असली कामं यायची. दादाराव जळगाव जामोदचे शेतकरी. बाजाराच्या दिवशी यष्टीनं यायचे आणि गोष्ट सांगायला बसले की परतीची यष्टी हमखास चुकवायचे. सुमनबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या, त्यांचं माहेर लोणारजवळ बीबीचं. आणि मी मुलांच्या शाळेतला मास्तर, छापखान्याला मुद्रितं तपासायला फुकटात मिळालेला!

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. पूर्वी आमच्याकडे काही मोठं काम निघालं की नागपूरकडे बघायचं. आता पुणं-मुंबई आपली झाली, असं सगळे म्हणत होते. पुण्याला मात्र हे अजून कोणी कळवलेलं दिसत नव्हतं.

तर त्या पुण्यातल्या एका कंपनीनं 'किल्लेदार' नावाचा बैठा खेळ काढला होता. एक पट, दोन फासे आणि पत्त्यांचा एक गठ्ठा. प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग. एकानं सूत्रधार व्हायचं आणि प्रसंग वाचायचा, 'शत्रू दाराशी आला आहे, काय कराल?' बाकीच्यांनी कोणी किल्लेदार, कोणी हेर, कोणी वैद्य अशी सोंगं घ्यायची आणि आपापलं उत्तर द्यायचं. ते साधलं की फसलं, हे फासा ठरवणार. भाऊसाहेबांच्या मेहुण्यानं हा खेळ पुण्याहून आणला आणि आम्ही चौघं पार कामातून गेलो. गठ्ठ्यातले प्रसंग संपले तेव्हा दादाराव आपल्या मनानं नवे रचून सांगू लागले, सुमनबाईही लागल्या, आणि ते पुण्याच्या प्रसंगांपेक्षा जास्त रंगायला लागले.

एक दिवस भाऊसाहेब म्हणाले, "दादाराव, हे छापू. इतकी वर्सं म्या दुसऱ्यायच्याच लेकरायची नावं छापली. एक तरी चीज आपल्या नावाची निंघू द्या."

"छापा ना मंग! पुन्याहून कोन पाहाले येते?" दादाराव म्हणाले.

"नाही. खेळ त्यायचा हाय. इचारूनच छापीन."

असे आमचे भाऊसाहेब! त्यांनी खरंच पुण्याला पत्र घातलं. उत्तर आलं कंपनीच्या मॅनेजरांचं, लिमये त्यांचं नाव. 'आमच्या खेळाबरोबर चालतील असे प्रसंग छापण्यास एक वर्षाची परवानगी देत आहोत. त्यानंतर स्वतः येऊन, खेळून पाहून पुढचे ठरवू.' खाली अटी होत्या, आणि शेवटी एक ओळ, 'नमुना आधी पाठवावा.' पुढे लिमयांची जेवढी पत्रं आली त्या प्रत्येकाच्या शेवटी ती ओळ असायचीच.

भाऊसाहेबांनी त्याच आठवड्यात पेंटर बोलावला आणि दारावरच्या पाटीवर 'मुद्रक'च्या पुढे 'व प्रकाशक' असं रंगवून घेतलं.

"चुन्यानं लेहा म्हनलं ना," दादाराव म्हणाले, "वर्सानं नाही म्हनले, तं पुसाले सोपं!"

भाऊसाहेब हसले नाहीत. पाटीवरचे ते दोन शब्द राहणार की जाणार, याचा घोर त्यांना त्या दिवसापासून लागला होता.

*

पहिली अट वेष्टणाची होती. कंपनीचं बुरुजाचं चिन्ह वापरायचं नाही, आणि 'किल्लेदार या खेळाबरोबर वापरता येईल' ही ओळ आमच्या नावापेक्षा लहान अक्षरात घालायची. साधं काम. पण पहिलंच प्रकाशन, म्हणून भाऊसाहेबांनी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून स्वतःच्या हातानं जुळणी केली. मी मुद्रित तपासलं, एकही चूक नव्हती. सुमनबाईंनी बघितलं, दादारावांनी बघितलं, सगळ्यांना पसंत पडलं. नमुना पुण्याला रवाना झाला.

आठवड्यानं लिमयांचं कार्ड आलं. 'वेष्टण अटींत बसते. फक्त वधू कोण व वर कोण ते कळवावे. नमुना आधी पाठवावा.'

आम्ही चौघांनी वेष्टण पुन्हा हातात घेतलं. वर गणपतीचा ठसा. त्याखाली 'श्री गजानन प्रसन्न'. मग, 'वि. वि. आमचे येथे श्रीकृपेकरून किल्लेदार या खेळाबरोबर वापरता येतील असे नवे प्रसंग योजिले आहेत. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन कार्यास शोभा आणावी.' दोन्ही कोपऱ्यांत केळीचे खांब!

इतकी वर्षं लग्नपत्रिका जुळवणारा हात तो, आपल्या वाटेनं गेला. आणि आमचे डोळेही तसेच, छापलेलं म्हणजे असंच दिसायचं! मी खजील झालो. भाऊसाहेबांनी मात्र कार्ड पुन्हा वाचलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "अटीत बसते म्हनले ना? मंग!"

*

दुसरी अट, कंपनीची पात्रं वापरायची नाहीत. किल्लेदार, हेर, सरदार, वैद्य, सगळे त्यांचे. तुमचे तुम्ही नवे करा. दादारावांनी एका बैठकीत केले. गाडीवान, चक्कीवाला, कापसाचा दलाल आणि सातपुड्यातला वाटाड्या.

लिमयांनी लिहिलं, 'पात्रे नवी आहेत हे मान्य. पण यात शूर असे कोणीच दिसत नाही.'

दादाराव त्या दिवशी जळगावहून यष्टीच्या टपावर बसून आले होते. आत जागा नव्हती. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, भुवया पांढऱ्या. मी त्यांना कार्ड वाचून दाखवलं.

"मास्तर, लेहा," ते पटका झटकत म्हणाले, "म्हना, चैताच्या उन्हात जळगाव ते नांदुरा टपावर बसून या. मंग आपन ठरवू शूर कोन हाय ते!"

मी जरा सौम्य करून लिहिलं. पात्रं मंजूर झाली, गाडीवान तर लिमयांनी 'विशेष आवडला' म्हणून कळवलं. दादाराव तेव्हापासून टपावर बसायचे ते आत जागा असली तरी!

*

तिसरी अट, कोणताही हयात माणूस ओळखू येईल असं काही नको. ही अट आम्ही डोळ्यांत तेल घालून पाळली. सुमनबाईंनी लिहिलेल्या एका प्रसंगात कापसाचा एक दलाल होता. कापूस मोजताना तो शेतकऱ्याला हटकून गप्पांत गुंतवायचा, काट्याकडे बघूच द्यायचा नाही. नाव नाही, गाव नाही, नुसता दलाल.

पहिला संच छापून टेबलावर आला, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चाळला, आणि बाजारपेठेतले एक दलाल तरातरा छापखान्यात आले. "भाऊसाहेब, हे माह्यावर लेहलं तुम्ही!" त्यांना चहा पाजून घालवतो तोच दुसरे आले. तेही म्हणाले, माझ्यावरच लिहिलंय. दुपारी तिसरे.

मी घाबरलो. ही बातमी पुण्याला गेली तर परवानगी गेलीच! सुमनबाई शांतपणे वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, काहून घाबरता? एक जण ओळखू आला असता तर अट मोडली असती. इथं तर ज्याला त्याला आपलंच तोंड दिसायलंय. त्याला आपण काय करणार?"

संध्याकाळी पेठेतले सगळ्यात मोठे दलाल आले. ते बसले, संच मागून घेतला, तो प्रसंग दोनदा वाचला.

"भाऊसाहेब," ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "एवढी मोठी पेढी माही, आन् माह्यावर एक अक्षर नाही?"

*

चौथी अट भाऊसाहेबांना सगळ्यात जड गेली. 'मूळ खेळ जवळ असल्याशिवाय हा संच कोणाला विकू नये.' बरोबरच आहे, पट आणि फासे त्यांचे. पण अख्ख्या नांदुऱ्यात मूळ खेळ एकच, तो आमचा!

भाऊसाहेब प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "किल्लेदार हाय काय घरी?" नाही म्हटलं की संच परत कपाटात. एवढा धंदा दारातून परत जाताना बघून मला राहवायचं नाही, पण ते ऐकतील तर शपथ.

एकदा एक कारकून आला. भाऊसाहेबांनी विचारलं, "मूळ खेळ हाय?"

"हाव, हाय ना!"

"कुठी?"

"हा काय, तुमच्या टेबलावर! रोज संध्याकायी येऊन खेळत जाईन. तुमाले चालते ना?"

भाऊसाहेबांनी विचार केला, अट पुन्हा वाचली. 'जवळ असल्याशिवाय' असंच लिहिलं होतं, 'मालकीचा' असं नव्हतं. त्यांनी संच दिला. आठ दिवसांत छापखान्यात बसायला जागा उरली नाही. लग्नपत्रिका घ्यायला आलेला वधूपिता सूत्रधार होऊन बसायचा आणि घरून माणूस बोलवायला यायचा! मग लोकांनीच पुण्याहून मूळ खेळ मागवायला सुरुवात केली. कंपनीचा सगळा माल नांदुरा स्टेशनला कसा काय उतरतो, असं विचारणारं लिमयांचं कार्ड आलं. ते भाऊसाहेबांनी चौकट करून भिंतीला लावलं.

*

सुमनबाईंचा किस्सा तर पुण्यातही सांगतात म्हणे.

अट अशी होती की प्रसंग खरे वाटतील असे असावेत, उगाच अद्भुत नको. सुमनबाईंनी आपल्या माहेरच्या मुलखातला प्रसंग लिहिला. वाटसरूंना जंगलात एक प्रचंड गोल खड्डा लागतो. तळाशी तळं. तहानलेले वाटसरू धावत खाली उतरतात आणि पाणी तोंडात घेतात तर खारट! जवळच कड्यातून गोड पाण्याची धार पडते आहे. काय कराल?

लिमयांनी प्रसंग नाकारला. 'समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराळ भागात खारे तळे व शेजारी गोडे पाणी हे वाचकास पटणारे नाही. कल्पनेस आवर घालावा.'

सुमनबाई सुट्टीत माहेरी जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी बुचाच्या दोन बाटल्या गवतात गुंडाळल्या, खोक्यात घातल्या आणि पार्सल पुण्याला पाठवलं. सोबत चिठ्ठी, 'नमुना आधी पाठवत आहे.'

उत्तराला वेळ लागला. मग कार्ड आलं. 'दोन्ही प्रकारचे पाणी पोचले. चव घेतली. प्रसंग मंजूर.'

*

होता होता वर्ष संपलं आणि लिमये येणार असं पत्र आलं. भाऊसाहेबांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कंपनीची सगळ्यात कडक अट म्हणजे मूळ नियमांत काडीचाही बदल नको. तो आम्ही केला नव्हता, निदान आमची तशी समजूत होती. पण आमच्या बैठकीत एक चाल पडून गेली होती. खेळात कोणी बाद झालं की तो 'पाहुणा' व्हायचा. कोणाही खेळाडूच्या दाराशी जाऊन राम राम म्हणायचं, त्यानं आपल्या खेळातल्या धान्यसाठ्यातून जेवू घालायचं, आणि पाहुण्यानं जाताना एक सल्ला द्यायचा. सुरुवात झाली ती दादारावांमुळे. ते पहिल्याच फेरीत बाद व्हायचे, यष्टी तर चुकलेली, मग भाऊसाहेब म्हणाले, "घरी आलेला मानूस कोपऱ्यात तोंड पाहत बसीन काय?" तेव्हापासून तसंच. इतकं अंगवळणी पडलं की हा नियम पुण्याचा नाही हेच आम्ही विसरलो! आमच्या पत्त्यांवरही 'पाहुण्याचा सल्ला घ्यावा' असं छापून गेलं होतं. लिमयांना वाटलं, असेल गोष्टीतला एखादा पाहुणा.

लिमये सकाळच्या गाडीनं उतरले. शिडशिडीत माणूस, हातात छत्री, काखेत मूळ नियमांची पुस्तिका. चहा घेतला आणि लगेच पटाशी बसले. सुमनबाई सूत्रधार, मी चक्कीवाला, दादाराव गाडीवान. लिमये अर्थातच किल्लेदार. भाऊसाहेब खेळायला बसलेच नाहीत. कोरडं फडकं घेऊन ते आधीच लखलखीत असलेलं मशीन पुसत उभे होते.

दुसऱ्याच प्रसंगाला दादारावांचा फासा फसला. ते बाद झाले. उठून त्यांनी आपलं स्टूल थेट लिमयांच्या शेजारी ओढलं.

"राम राम किल्लेदार साहेब! जेवाले काय केलं हाय?"

लिमये दचकले. "आपण बाद झालात."

"हाव! म्हनूनच तं आलो!"

लिमयांनी पुस्तिका उघडली आणि वाचून दाखवलं, 'बाद झालेल्या खेळाडूने पटापासून दूर बसावे व बोलू नये.' मग त्यांनी आमचे पत्ते चाळले. 'पाहुण्याचा सल्ला', 'पाहुण्यास विचारा', जागोजागी. त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊसाहेब, हा नियमबदल आहे. मला वाईट वाटतं, पण परवानगी पुढे चालू ठेवता येणार नाही."

मला भाऊसाहेबांकडे बघवेना. पाटीवरचे ते दोन शब्द माझ्या डोळ्यांपुढे आले.

भाऊसाहेबांनी फडकं घडी करून ठेवलं. "चूक आमची हाय साहेब. कोनाच्या ध्यानातच आली नाही. पन डाव पुरा करा. अर्ध्यावरून उठू नये."

डाव पुढे सुरू झाला, आता पुस्तिकेप्रमाणे. दादाराव बाहेर पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं लिमयांचाच फासा फसला. नियमाचा माणूस! काही न बोलता उठले आणि कागद कापायच्या यंत्रापाशी खुर्चीत जाऊन बसले.

उरलो मी आणि सुमनबाई. पण त्या दिवशी सुमनबाई अशा काही रंगल्या होत्या! सातपुड्यातली वाट, धुकं, पुढे दोन फाटे, मागून कोणाची तरी चाहूल. मी फासा हातात धरून बसलेला, टाकायचा धीर होईना. लिमये बघत होते. त्यांची खुर्ची जरा पुढे सरकली. मग अजून जरा. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. शेवटी घसा खाकरला.

"मास्तर..."

"बोला साहेब."

"आपल्या घराचं दार उघडं आहे का? म्हणजे, खेळातल्या घराचं."

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

"या ना साहेब, या!" मी म्हणालो.

पायरीवरून आवाज आला, "ओ मास्तर! आधी म्या आलो होतो!"

*

लिमये संध्याकाळच्या गाडीनं गेले. परवानगीबद्दल एक शब्द बोलले नाहीत आणि भाऊसाहेबांनीही विचारलं नाही. ते दिवस वाईट गेले. दादारावांनीसुद्धा पाटीवरून चेष्टा केली नाही, यावरून ओळखा.

मग पत्र आलं. या वेळी कार्ड नव्हतं, कंपनीच्या छापील कागदावर, पाकिटात. भाऊसाहेबांनी ते सुमनबाईंच्या हातात दिलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं.

'आपली परवानगी कायम करण्यात येत आहे. तसेच, किल्लेदारच्या पुढील आवृत्तीत पाहुण्याचा नियम घालावा असे कंपनीच्या मनात आहे. नियम आपला आहे. तरी तो छापण्यास आपण परवानगी द्यावी, ही विनंती.'

सुमनबाईंनी ते पुन्हा वाचलं, कारण आम्हीच सांगितलं, पुन्हा वाचा. दादाराव रस्त्यावर जाऊन पाटीकडे बघत उभे राहिले. मला इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना, उगाच सगळ्यांसाठी चहा सांगून आलो.

भाऊसाहेबांनी काळे झालेले हात साबण लावून स्वच्छ धुतले, पुसले, टेबलाशी बसले आणि आपल्या वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं. टपालपेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून मला वाचायला मिळालं.

'पाहुण्याचा नियम छापण्यास एक वर्षाची परवानगी देत आहोत. अट एकच, पाहुणा उपाशी जाता कामा नये. वर्षानंतर स्वतः येऊन, खेळून पाहून पुढचे ठरवू.

नमुना आधी पाठवावा.'